बरणीखालची ऊब

एस्बेनला बोलावल्याचं डोर्तेनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर केटी आत्यानं तोंड वाकडं केलं असतं आणि बाबांनी एप्रन काढून खुंटीला टांगला असता. उद्या फास्टेलाउनचा सण, क्रीम भरायच्या बनांचे ट्रेवर ट्रे रचलेले, आणि अशा दिवशी ब्रोगोरांच्या बेकरीत कुणाचाही एप्रन खुंटीला जाणं तिला परवडणारं नव्हतं.

वर्षातून या एका शनिवारी सगळ्या घरानं बेकरीत राबायचं, हा पणजोबा आन्टोनपासूनचा रिवाज. उद्या चर्च सुटलं की गावातली पोरं सोंगं घेऊन येणार, सभागृहात टांगलेलं पिंप काठ्यांनी फोडणार, आणि लहानथोर प्रत्येकाच्या हातात ब्रोगोरांचा बन असणार. वर्षभर सुपरमार्केटचा पाव खाणारेही या दिवशी लाज न बाळगता रांगेत उभे राहतात. म्हणून बाबा, कागदोपत्री कधीचे निवृत्त झालेले, पहाटेपासून पीठ मळायच्या यंत्रापाशी ठाण मांडून होते. त्यांची बहीण केटी बनांना चॉकलेटचा थर देता देता गावातल्या मोडलेल्या लग्नांच्या खबरा पुरवत होती. आणि डोर्तेचा नवरा फ्लेमिंग, शाळेतला भूगोलाचा मास्तर, एकेका बनात इतक्या निगुतीनं क्रीम भरत होता की त्याच्यावर सोपवलं असतं तर फास्टेलाउन ईस्टरला साजरा करावा लागला असता.

डोर्ते दमली होती. ही आजची दमणूक नव्हती. धाकटा भाऊ बेकरी सोडून गेला तेव्हापासूनची ती साचत आली होती. एस्बेनच्या छातीत पीठ बसलं, डॉक्टर म्हणाले, पुन्हा पिठात गेलास तर फुप्फुसं हातची जातील. चाळिशी ओलांडलेला माणूस मग सतरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून वायरमनकी शिकायला लागला. बाबांच्या मते हे सगळं डॉक्टरी थोतांड होतं. ब्रोगोरांच्या चार पिढ्या पिठात वाढल्या, कुणाला काही झालं नाही, यालाच बरं झालं? डोर्तेचं मत याहून वेगळं होतं, पण ते तिनं कधी उघड बोलून दाखवलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की तो सुटला आणि आपण अडकलो.

मोठा ओव्हन तापायला लागला की गेले काही दिवस दिवे मिणमिणत होते. आज सकाळी तर दुकानातला काउंटरवरचा दिवा चक्क लाल पडला. तेव्हा मात्र तिनं मागच्या अंगणात जाऊन फोन लावला होता. "नुसता बघून जा," ती म्हणाली होती. "पाच मिनिटांचं काम."

आता तो मागच्या दारात उभा होता. खिशांनी फुगलेली कामाची विजार, हातात पेटी, तोंडावर जाड मास्क. अडीच वर्षांत तो पहिल्यांदा हा उंबरा ओलांडत होता.

"अगंबाई!" केटी आत्या म्हणाली. "वायरमन साहेब! आणि हे काय, मुसकं बांधून? बँक लुटायला निघालास की काय?"

"तू कशी आहेस, आत्या?"

"मी मजेत. पीठ अंगाला लावूनसुद्धा."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. यंत्राच्या घरघरीतून ते मोठ्यानं म्हणाले, "कुणी बोलावलं याला?"

"मी," डोर्ते म्हणाली. "दिवे मिणमिणताहेत, बाबा. बघून जाईल."

"दिवे माझ्या लहानपणापासून मिणमिणताहेत."

"मग बघायला उशीरच झाला म्हणायचा," एस्बेन म्हणाला, आणि फ्लेमिंग हसला. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पुन्हा क्रीमच्या पिशवीत डोकं घालून बसला.

विजेचा बोर्ड बेकरी आणि दुकान यांच्यामधल्या बोळकांडीत होता, लाकडी कपाटात. त्या कपाटाच्या डोक्यावर राय या धान्याच्या पिठाचं, पाव फुगवायचं आंबवण ठेवलेली बरणी. निळ्या पट्ट्यांची, झाकणाला टवका गेलेली, एस्बेन आणि डोर्तेपेक्षा वयानं मोठी. ब्रोगोरांचा रायचा पाव अख्ख्या बेटावर का नावाजलेला, याचं उत्तर म्हणजे ही जागा. आई लग्न होऊन आली तेव्हा बरणी ओव्हनपाशी असायची, आणि आंबवण कधी फसफसून उतू जाई, कधी मरगळून बसे. आईनंच ही जागा हुडकली. हिवाळा असो की उन्हाळा, तिथं एकसारखी मंद ऊब. "भिंतीला कळतं, आंबवणाला काय हवं ते," असं ती म्हणायची. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. बरणी हलवायची कुणाची छाती नव्हती.

एस्बेननं पेटी खाली ठेवली, हातमोजा काढला आणि हाताची मागची बाजू कपाटाच्या दाराला लावली. मग भिंतीला लावली. मग त्यानं हात काढून घेतला.

"काय?" डोर्तेनं विचारलं.

"इथं वास येतोय का कसला?"

"तुला नाही येत?"

"मला नाक कुठं राहिलंय, डोर्ते? कॉफी आणि गरम पाणी मला सारखंच. तू सांग. तुम्ही सगळे सांगा. बेकरीवाल्यांची नाकं आहेत ना?"

हे केटी आत्याला लागलं. हातावरचं चॉकलेट पुसत ती आली, भिंतीशी वाकली, आणि हात झटकून म्हणाली, "मासळी. दुसरं काय असणार? भिंतीपलीकडं मासेवाला आहे. लहानपणापासून हाच वास."

"बरणी खाली काढ," एस्बेन डोर्तेला म्हणाला.

पीठ मळायचं यंत्र तसंच चालू सोडून बाबा बोळकांडीत आले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, पण दारात उभा राहिला की दार भरत असे. "त्या बरणीला हात लावायचा नाही."

"बाबा, ही ऊब आपोआप आलेली नाही. भिंतीत आजोबांच्या वेळची वायर आहे. तिच्यावर ओव्हन वाढत गेले, यंत्रं वाढली, शीतपेट्या वाढल्या. वायर तापते, म्हणून भिंत तापते. इतकी वर्षं आपण आंबवण त्यावर शेकत आलो."

"तुझी आई वेडी होती असं म्हणायचंय का तुला?"

"नाही हो! मीही वीस वर्षं तीच बरणी तिथं ठेवत आलो. भिंतीला हात लावला की बरं वाटायचं मला. पण आता ती कोमट नाहीये. हात ठेवून बघा. भाजतंय."

"उघड मग आणि कर नीट," डोर्ते मध्येच म्हणाली. "त्यासाठीच तर बोलावलंय."

एस्बेननं मान हलवली. "मला उघडायची परवानगी नाही. मी अजून शिकाऊ आहे. एकट्यानं बोर्ड उघडला तर मालकाचा परवाना जाईल, आणि माझं शिक्षण तिथंच संपेल. मालकाला गाडीतूनच फोन केला होता, दिवे लाल पडतात म्हणून. तो समुद्रापलीकडं जटलंडला सासुरवाडीला गेलाय, उद्या दुपारी येईल. तोपर्यंत कपाट गरम लागलं तर एकच काम कर म्हणाला. मेन स्विच पाड."

मग केटी आत्यानं हसून दाखवलं. "म्हणजे एवढी वर्षं शिकून हा काय शिकला, तर बटण बंद करायला."

"हो," एस्बेन म्हणाला. "तूर्तास एवढंच."

डोर्तेचं डोकं तापलं. ओव्हनमध्ये चार ट्रे होते, फुगवायच्या कपाटात आणखी कितीतरी, शीतपेटीत घागरभर क्रीम. "उद्या दुपारी? उद्या दुपारपर्यंत फास्टेलाउन संपलेला असेल! आजचा एक दिवस, एस्बेन. आजची संध्याकाळ. मी बोर्डाकडं लक्ष ठेवते. उद्या गिऱ्हाईक सरलं की मी स्वतः बंद करते, मग तुझ्या मालकाला हवं तेवढं खणू दे."

"नाही."

"अरे पण इतकी वर्षं काही झालं नाही ना?"

"इतकी वर्षं नवा ओव्हन नव्हता."

हे तो हळू आवाजात म्हणाला, पण वार बरोबर बसला. नवा ओव्हन डोर्तेनं ऑक्टोबरमध्ये आणला होता. बाबांचा विरोध पत्करून, स्वतःच्या हिमतीवर. बेकरी चालवायला लागल्यापासून तिनं एकटीनं घेतलेला तेवढा एकच निर्णय होता.

"म्हणजे खापर माझ्यावर," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं का?"

"तू काही म्हणतच नाहीस कधी! गेलास तेव्हाही काही म्हणाला नाहीस. एक दिवस एप्रन धुऊन, घडी घालून ठेवलास आणि गेलास. मागं कोण उरलं ते पाहिलंस? रात्री दीड वाजता उठते मी. माझी मुलगी मला रविवारी भेटते, ती पण झोपलेली. आणि तू येतोस, मुसकं बांधून, आणि म्हणतोस, बंद करा!"

"फ्लेमिंग," एस्बेन म्हणाला, "तू तरी सांग तिला."

फ्लेमिंग एव्हाना क्रीमची पिशवी हातात घेऊनच बोळकांडीच्या तोंडाशी आला होता. तो सज्जन माणूस, दोन्ही बाजू पाहून कुठल्याच बाजूला न जाणारा. "तत्त्वतः एस्बेनचं बरोबर आहे," तो म्हणाला. डोर्तेनं त्याच्याकडं पाहिलं. "पण काही तास... म्हणजे आपण आळीपाळीनं पहारा ठेवला तर... शाळेत आम्ही बादल्या..."

"शाब्बास," केटी आत्या म्हणाली. "विजेच्या आगीवर बादल्या. हा भूगोल आहे वाटतं?"

बाबांनी हात वर केला. बेकरीत हात वर झाला की बोलणं थांबायचं, हे अजूनही चालत आलं होतं. "झालं एवढं पुरे. डोर्ते, ओव्हनमधले ट्रे बाहेर काढ, करपतील. केटी, तू तुझं बघ. आणि एस्बेन, तू घरी जा. तुला इथं श्वास घेता येत नाही ना? मग घेऊ नकोस."

डोर्तेला वाटलं, आता हा जाईल. पेटी उचलेल, मागच्या दारानं निघून जाईल, जसा तेव्हा गेला. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. म्हणजे पुन्हा त्याच्यावर चिडता आलं असतं, आणि चिडणं दमण्यापेक्षा सोपं असतं.

पण तो गेला नाही. कपाटाला पाठ लावून तो मेन स्विचखाली उभा राहिला. मास्कवरचे त्याचे डोळे पाणावले होते आणि खांदे जरा जास्तच वरखाली होत होते.

"मी स्विच पाडणार नाही," तो म्हणाला. "बेकरी तुझी आहे, डोर्ते. मी पाडला तर तू आयुष्यभर म्हणशील, यानंच बुडवलं. पण मी जाणारही नाही. तुम्ही भाजा. मी इथं उभा राहतो. वर तुझं घर आहे, तुझी पोर वर अभ्यास करतेय. काही झालं तर निदान कुणीतरी इथं असेल."

"किती वेळ उभा राहशील?" बाबांनी विचारलं. "पीठ उडतंय."

"बघू."

बाबा यंत्रापाशी परतले. केटी आत्या फणकाऱ्यानं टेबलाशी गेली. डोर्तेनं ओव्हनमधून ट्रे काढले, आणि बन सुरेख फुगलेले असूनही तिला त्यांचा आनंद झाला नाही. त्यातला एक ट्रे दुकानाकडे नेताना तिला भावाच्या अंगाला घासून जावं लागलं, आणि त्या अरुंद जागेत पुन्हा तो वास आला. आत्याचं खरं होतं, मासळीच. जरा नासलेली, कोमट, घशाशी येणारी.

ती दुकानात गेली. काउंटरवर ट्रे ठेवला. काचेतून बाहेर पाहिलं, तर शेजारच्या दारातून कुणी बाई नव्यानं कापलेले केस चाचपत बाहेर पडत होती.

डोर्ते तिथंच थबकली.

मासेवाला येन्सिगर गेल्या उन्हाळ्यात दुकान विकून मुलाकडं निघून गेला होता. आता तिथं केशकर्तनालय होतं. शाम्पूचा वास यायला हवा होता. फार तर फुलांचा. आठवड्यातून दोनदा ती स्वतः त्या केस कापणाऱ्या पोरीला उरलेला पाव नेऊन देत होती, आणि तरीही या भिंतीतून मासळीचा वास येतो, यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. तिलाच काय, कुणालाच नाही. नाकावर पोट भरणारं घराणं, आणि नाकासमोरचं एकालाही कळलं नाही.

ती परत आली. "आत्या," ती म्हणाली, "येन्सिगर कधी गेला?"

"कोण, मासेवाला? जूनमध्ये. त्याच्या सुनेचं..." केटी आत्याचा हात बनावरच थांबला. तिनं बोळकांडीकडं पाहिलं. तिच्या गालावर चॉकलेटचा ठिपका होता, आणि पहिल्यांदाच ती म्हातारी दिसत होती. "अरे देवा," ती म्हणाली.

"एस्बेन, मासळीचाच वास आहे," डोर्ते म्हणाली. "सडक्या."

एस्बेननं डोळे मिटले. "वायरीचं आवरण जळायला लागलं की तसाच येतो. मला वाटलंच होतं. पण मला येत नाही ना, डोर्ते. मला येत नाही."

तिनं वाद घातला नाही. एका बाजूला सरक म्हणून त्याला खूण केली, चवड्यांवर उभी राहिली, आधी बरणी दोन्ही हातांनी उतरवली. तिचं बूड इतकं गरम होतं की चटका बसून ती ओरडलीच. बरणी तिनं भावाच्या हातात दिली. मग मेन स्विच खाली ओढला.

पीठ मळायचं यंत्र एक गचका देऊन थांबलं. ओव्हनचे पंखे, शीतपेट्यांची घुंई, दुकानातली ती कायम किरकिरणारी दिव्याची नळी, सगळं एकदम गेलं. मागच्या दारातून येणारा फेब्रुवारीचा करडा उजेड तेवढा उरला.

"डोर्ते!" बाबांचा आवाज आला.

"मी केलंय, बाबा. मी." लगेच ती नवऱ्याकडं वळली. "फ्लेमिंग, सभागृहाची किल्ली तुझ्याकडं आहे ना? तिथं दोन ओव्हन आहेत. गाडी मागं लाव. आत्या, फुगलेले ट्रे आधी. जेवढे होतील तेवढे होतील. बाकीच्यांना सांगू, यंदा अर्धा अर्धा खा."

"सभागृहाच्या त्या चुलीवर!" केटी आत्या म्हणाली. "त्यात बटाटासुद्धा धड शिजत नाही." पण हे म्हणता म्हणता तिनं ट्रे उचललेला होता.

ट्रे गाडीत चढवता चढवता डोर्तेच्या दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला ती आत आली तेव्हा बाबा बोळकांडीत उभे होते. त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला होता, बोर्डाच्या जरा खाली, माणसाची पाठ टेकेल एवढ्या उंचीवर. डोर्तेला ती जागा ठाऊक होती. पहाटेची भाजणी उरकली की आई तिथं पाठ लावून उभी राहायची. कंबर धरायची तिची. कॉफीचा कप दोन्ही हातांत, डोळे मिटलेले. आई गेल्यानंतर बाबा रोज पहाटे तिथं हात लावून जातात, हेही डोर्तेनं पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

"आता गार पडेल," बाबा म्हणाले. कुणाला असं नाही. "सकाळपर्यंत गार पडेल ही."

डोर्तेला रडू आलं. त्यांच्याजवळ जावं असं तिला वाटलं, पण हातात ट्रे होता आणि तो खाली ठेवायला जागा नव्हती.

एस्बेन पलीकडच्या पायरीवर बसला होता, बरणी मांडीवर घेऊन. मास्क त्यानं खाली ओढला होता. आणि आता, यंत्रं बंद असताना, त्याचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक श्वासाला छातीच्या तळातून एक बारीक शीळ निघत होती, आणि श्वास सोडताना ती लांबत जात होती. हा आवाज काही आज सुरू झालेला नव्हता. या बेकरीत एस्बेन उभा असायचा तेव्हाही तो होताच. पण त्या वेळी यंत्र कधी थांबलं नाही, म्हणून कुणाला ऐकूच आला नाही.

केटी आत्या दारात थांबली होती. "आयविन," ती भावाला म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "आपले बाबा असेच वाजायचे. आठवतं? शेवटच्या हिवाळ्यात. जिन्याखालच्या खोलीत. आपण म्हणायचो, तंबाखू."

बाबांनी मान वळवून एस्बेनकडं पाहिलं.

"त्यांनी आयुष्यात तंबाखू ओढली नाही, आयविन."

बाबांचा हात अजून भिंतीवरच होता. ते मुलाकडं पाहत राहिले, आणि डोर्तेला दिसलं की ते ऐकताहेत. पाव भाजला गेला की नाही हे कवचाला टिचकी मारून ऐकायचे, तसे मान एका बाजूला कलवून. एक श्वास. दुसरा. तिसरा.

मग त्यांनी हात भिंतीवरून काढला. पायरीपाशी आले, वाकले, एस्बेनच्या मांडीवरची बरणी उचलून आपल्या काखेत घेतली, आणि मोकळा हात त्याच्यापुढं धरला.

"ऊठ," ते म्हणाले. "बाहेर चल. इथं पीठ आहे."